थकव्याची चाचणी

मुंढव्याच्या कारखान्यात माझं टेबल भट्टीपासून लांब आहे.
ट्रकचे क्रँकशाफ्ट माझ्याकडे येतात ते थकायला.
यंत्र त्यांना पिळतं, सोडतं, पिळतं, सोडतं,
दहा लाख वेळा, वीस लाख वेळा.
मी आकडा लिहून घेते आणि डबा खाते.
एकवीस वर्षं.
लोखंड कण्हत नाही.
शेवटच्या फेरीच्या आधीची फेरी
हुबेहूब पहिलीसारखी दिसते.

आणि तरी
रास्ता पेठेत रऊफ तांबोळीच्या दुकानात
दोन क्रँकपुढे मी तिसऱ्या शनिवारी उभी,
शालू निवडायला आल्यासारखी.

एक काळा, पोकळ,
दोन शिंपल्या एकमेकींना चिकटवलेल्या.
डिंक का रे? म्हटलं.
डिंक नाही मॅडम, विमानाला लावतात तो.
दुसरा करडा, भरीव, ठोकून घडवलेला,
एकशे ऐंशी ग्रॅम जास्त.

एकशे ऐंशी ग्रॅम म्हणजे एक पेरू.
सिंहगडावरचं एक मडकं दही, मडकं वजा करून.
जे मी वर पोचून खातेच.

हर्डीकरचा काळाच होता.
बोपदेवच्या चढावर तो पेडलवर उभा राहिला
आणि उजवा पाय खाली गेला तो गेलाच.
दवाखान्यात आणला तेव्हा
बुटाला पेडल, पेडलला क्रँकचा अर्धा तुकडा,
तसाच लटकत.
हे आधीपासून बसवलेलं आहे का? नर्सनं विचारलं.
तो हसला, आणि मोडलेली हासळी धरून बसला.
आठवडाभर कट्‌कट् वाजत होतं गं,
मला वाटलं पेडल असेल.

मी धीराचं काही बोलायला हवं होतं.
मी तो तुकडा मागितला.

भिंगाखाली दिसल्या
ओढा उतरताना काठावर ठेवून जातो तशा रेघा,
एकीत एक, एकीत एक.
यातली एक खडकवासल्याची,
एक दिव्याच्या त्या रविवारची,
आम्ही मिसळ खाऊन उशिरा निघालो होतो.
तेव्हाही तो माझ्या पुढेच होता, शीळ घालत.

रऊफ करडा क्रँक नखानं वाजवतो.
वडलांच्या वेळी कॉटर पिन असायची,
झिजली की पाय लटपटायचा,
गिऱ्हाईक शिव्या देत यायचं, हातोडीचे दोन घाव, चालू.
ती तुटायच्या आधी बोंबलायची.
आता काही बोंबलत नाही.

हा किती वर्षं जाईल?
तुम्हीच सांगा, तुमचं तर तेच काम.

काय सांगू?
माझ्या यंत्राला गोळेवाडीचे खड्डे माहीत नाहीत,
गाळ, घाम, घाईत जास्त आवळलेला बोल्ट,
बावन्न किलोची मी, की दिवाळीनंतरची छप्पन्न.
माझ्या गुडघ्यांच्या फेऱ्या तर कुणीच लिहून ठेवल्या नाहीत.

भरीव द्या, म्हटलं.
पॅक करताना रऊफ हळूच म्हणाला,
भरवशाच्या म्हशीलाही टोणगा होतो, मॅडम.
पावती मात्र नीट लिहिली.

म्हणून दर शनिवारी रात्री
गॅलरीत जुना टॉवेल अंथरते.
कारखान्यातून आणलेला लाल रंग
क्रँकच्या काखेत, पेडलच्या भोकाशी, ब्रशनं.
थांबायचं. पुसायचं. मग पांढरा फवारा.
चीर असेल तर आत शिरलेलं लाल
पांढऱ्यावर रेघ होऊन येतं.
दहा मिनिटं.
खाली कुणीतरी स्कूटर काढतंय,
घरात मुलगी विचारतेय, आई, झालं का तुझं?

थांब. अजून तीन मिनिटं आहेत.

काही उमटत नाही.
काही उमटत नाही म्हणजे
आज रात्री काही उमटलं नाही, इतकंच.
तेवढ्यावर
मी साडेचारचा गजर लावते.