स्टॅबिलायझरवरची बरणी

रोलाच्या मागच्या गल्लीत, पोपटांच्या पिंजऱ्यांखाली,
चटणीच्या वाटीएवढे डबे मांडलेले,
झाकणांना टाचणीची भोकं,
आत बोटभर पाणी आणि एकेक स्वल्पविराम.
"बेटाची पिल्लं. दोन घ्या, पंधरा दिरहम.
रंग नंतर येतो."
कुठला येतो, मी विचारलं.
"ते त्यालाच माहीत नाही अजून."

मी एसीवाला माणूस. शारजा ते अजमान
लोकांच्या गच्च्यांवर चढून थंडावा दुरुस्त करतो.
आणि यांना हवेत सत्तावीस अंश.
रेजी अठरावर लावून झोपतो, रिमोट उशीखाली.
जुलैत थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो,
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि गार पाणी गीझरमधून घ्यायचं.
ते बादलीत रात्रभर उघडं, क्लोरीन उडेस्तोवर.
बादलीवर माझी चिठ्ठी: यात मोजे भिजवू नयेत.
भिजवले. दोनदा.

शेवटी ऊब सापडली फ्रिजमागे,
स्टॅबिलायझरच्या लोखंडी पाठीवर.
विजेच्या डब्यावर पाण्याची बरणी,
माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं
तर मी त्याला घरी पाठवला असता.
दोन बरण्या ठेवल्या. कॉफीच्या.

खाणं म्हणजे चिमूटभर तपकिरी धूळ,
मिठाच्या पाण्यात एक दिवस, एक रात्र.
पावणेपाचला, कंपनीची बस यायच्या आधी,
बाटलीला टॉर्च लावला
की जिवंत केशरी ठिपके उजेडाकडे गोळा होतात.
ड्रॉपरने ओढायचे, गोड्या पाण्यात धुवायचे, सोडायचे.
पिल्लू थांबतं. अंग वाकवतं.
ठिपका नसतो.

परकारचाचा, दाभोळचे, एकतीस वर्षं आखातात,
दात घासताना बघत उभे राहायचे.
"ज्याला कालवणात घालायचं नाही
त्याला एवढं वाढतोस?"

सहाव्या आठवड्यात दोघांनी एकमेकांना पाहिलं.
गळ्याखालच्या झालरी फुगवून, काचेला नाक लावून,
अख्खा दिवस, न जेवता.
मी मध्ये पुठ्ठा उभा केला, बुटांच्या खोक्याचा.
"आपल्यात पण आहे की," चाचा म्हणाले
आणि प्लायवूडवर टकटक केली.
पलीकडून थापा ओरडला: क्या हुआ भाई?

मग फुजैराची साइट, तीन रात्री.
परतलो तेव्हा मोठा आडवा तरंगत होता,
पोट टम्म, पाण्यात भिजलेलं पीठ.
रेजीने पोळीचा तुकडा घातला होता,
त्याच्या स्वतःच्या पोळीतला.
मी काही बोललो नाही. तोही नाही.
मातीसाठी इमारतीभोवती फिरलो,
सगळीकडे सिमेंटचे ठोकळे,
शेवटी रस्ता ओलांडून दुभाजकावरच्या खजुराखाली,
जिथे ठिबकची नळी गळते,
स्क्रूड्रायव्हरने खड्डा केला.

त्या रात्री मला घाम फुटून जाग आली.
रिमोट फ्रिजवर होता, सगळ्यांना दिसेल असा.
चोवीस.
रेजी उघड्या अंगाने, भिंतीकडे तोंड करून,
झोपल्यासारखा पडला होता.

धाकट्याला रंग आला दिवाळीच्या सुमाराला.
निळा नाही, लालही नाही,
ओल्या पत्र्याचा,
आणि शेपटीच्या कडेला एक तांबडी रेघ,
कोणीतरी पेन चालतं का बघितल्यासारखी.

शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल, वेंगुर्ल्याहून.
फोन बरणीला टेकवला.
तिने चष्मा लावला, जवळ आली.
"ह्यो खातत काय रे? कसो लागता?"
खात नाहीत, आई. पाळतात.
तेवढ्यात त्याने तिचं तोंड पाहिलं,
झालर फुगवली, कल्ले उघडले,
आयुष्यात पहिल्यांदा इतका मोठा झाला
आणि आईच्या कपाळावर चालून गेला.

ती जरा मागे सरली. मग हसली.
"भूक लागली आसतली तेका," म्हणाली,
"घाल कायतरी."