आवक साधारण

डिक्रूझ गार्ड पूर्णा सोडून गेले,
त्या वर्षी लोको शेडमधली अर्धी माणसं बदलीवर होती.
क्वार्टरच्या अंगणात सामान विकायला मांडलेलं:
मच्छरदाणीच्या काठ्या, पाळणा, एक पाय आखूड असलेलं टेबल
आणि बुटाच्या खोक्यात एकच कॅसेट.
कव्हरवर चार लांब केसांची माणसं,
उन्हानं चौघांचेही डोळे उडालेले.
मुंजाजीनं दोन रुपये दिले.
खोकं त्यानं भांडून फुकट घेतलं.

आमचं इंग्रजी आठवीच्या धड्यापुरतं.
जसं ऐकू येईल तसं वहीत उतरवून घ्यायचो, देवनागरीत,
काना-मात्रा तपासून, शुद्धलेखनासारखं.
एका ओळीत स्पष्ट 'खडीसाखर' होती.
एका ओळीत मुंजाजीच्या मामाचं नाव, भुजंग.
साता समुद्रापलीकडं, एवढ्या ढोलांच्या दणक्यात
भुजंगमामा काय करायले,
हे कुणाला विचारायची सोय नव्हती.
खुद्द मामाला विचारलं तर म्हणाले,
मी बसमतच्या पुढं गेलो नाही.

मग वैशाखात मशीननं टेप खाल्ली.
स्टेशनसमोर वाजिद मेकॅनिकची टपरी, तिथं नेली.
त्यानं चुरगळलेली पट्टी बोटाला गुंडाळली, उजेडात धरली,
डॉक्टर धरतो तशी,
म्हणाला, हातभर गया मियाँ, पूरा हातभर.
आणि मधे मोकळं कशाला सोडायचं म्हणून
एका बेवारशी कॅसेटीतली तेवढीच पट्टी कापून
बायकोच्या नेलपॉलिशनं चिकटवून दिली.
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा मागवला, आमच्या नावावर.

तेव्हापासून तिसरं गाणं असं होतं:
गिटार चढाला लागायची,
मालगाडीचं इंजिन लागतं तशी, धापा टाकत,
अजून वर, अजून वर, आता फुटणार छाती,
आणि नेमकं टोकावर
आकाशवाणी परभणीचा एक शांत माणूस म्हणायचा,
ज्वारी हायब्रीड.
किमान एकशे ऐंशी, कमाल दोनशे दहा.
आवक साधारण.
की लगेच ढोल कोसळायचे.

आम्ही हसलो ते पहिल्या दिवशी.
पुढं कुणी हसलं नाही. ती जागाच तशी होती,
तिथं दुसरं काही बसलंच नसतं.
कॅसेट उलटी लावली
तर त्याच जागी एक म्हातारी दोनदा खोकायची.
ती बाजू आम्ही रात्री लावत नसू.

मुंजाजी बँजो पार्टीत गेला.
ताडकळसला, वसमतला, पालमला, वराती नाचवल्या.
नवरदेव घोड्यावरून उतरायच्या बेतात असताना
तो मधेच ती चढण वाजवायचा,
टोकावर थांबायचा, माईक ओढून भाव सांगायचा,
मग ताशेवाल्याला डोळा मारायचा.
लोकांना वाटायचं, प्यायलाय.
नवरीकडच्या एका अडत्यानं मात्र दुरुस्ती केली होती:
हा भाव जुना झाला.

परवा नांदेडात भाच्यानं मोबाईलवर तेच गाणं लावलं.
धुतलेलं, इस्त्री केलेलं, खरखर काढून टाकलेली.
चढण आली. मी हात वर केला, थांब म्हणून.
गिटार थांबलीच नाही.
ती तशीच पुढं गेली, कुठल्या तरी हातभर मुलखातून
जो मी पन्नाशीपर्यंत पाहिला नव्हता.
सुंदर असेल. मला कळलं नाही.
भाचा म्हणाला, मामा, काय राहिलं?

मी मुंजाजीला फोन लावला.
तो हडपसरला, कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर.
म्हटलं, बोलू नको, ऐक.
फोन स्पीकरजवळ धरला.
चढणीला त्याचा श्वास ऐकू येत होता,
आणि टोकावर, बरोबर टोकावर, तिकडून तो म्हणाला,
ज्वारी हायब्रीड, किमान एकशे ऐंशी, कमाल दोनशे पंधरा.

दहा, मी म्हणालो.
पंधरा, तो म्हणाला.
अरे दहा होती, वहीत लिहिलंय.
वही कुणाकडं आहे, दाखव.
तेवढ्यात त्याच्या गेटवर ट्रक आला, हॉर्न वाजला,
इकडं गाणं केव्हाच संपून
दुसरं लागलं होतं.