न नेलेली प्रत

आर्किटेक्चरची एक मुलगी आली,
कानामागे पेन्सिल, हातात क्लिपबोर्ड.
म्हणाली, काका, पाच मिनिटं द्या, सर्व्हे आहे,
विद्यार्थ्यांसाठी चांगलं शहर म्हणजे काय?
मी म्हटलं, आधी काचेवरचा तुझा नकाशा उचल,
मागे लाइन लागलीय.

खारघर, सेक्टर बारा. एकोणीस वर्षं
या मशीनच्या हिरव्या उजेडात उभा आहे.
शिक्षण दहावी, तेही गणितात अडकलेलं,
पण पहिलं पान मी सगळ्यांचं वाचलंय.
खेकड्याच्या कवचावरचं, काँक्रीटच्या भेगांवरचं,
कातकरी पाड्यांतल्या बाळंतपणांवरचं.
दुसऱ्या पानापर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.
त्यामुळे जगातल्या बहुतेक गोष्टींची
मला फक्त प्रस्तावना माहीत आहे.

तिच्या कागदावर चौकोन होते.
ग्रंथालय. बस. सुरक्षितता. इंटरनेट.
एक ते पाच, टिक करा.
मी विचारलं, यात उधारी कुठे लिहू?
ती हसली. तिला वाटलं, विनोद.

ही वही बघ. उमरखेडचा ढोके, तीनशे ऐंशी.
रोह्याची रिदा, सबमिशनची रात्र, दोन वाजलेले,
नुसतं ‘नंतर देते’ एवढंच लिहिलंय.
चार वर्षांनी आली, दोन हजार ठेवले.
अगं, एवढे नव्हते.
म्हणाली, तेव्हा शटर ओढलं नाहीत, त्याचे.

बेलपाड्याच्या घरतमावशी मेस चालवतात.
मार्चमधल्या भाकऱ्या त्या हिशेबात धरत नाहीत.
कॉलेजचं पार्किंग आहे तिथे त्यांचं खाचर होतं.
अजून एखाद्या पोराला हटकतात,
मेल्या, माझ्या वालावर लावलीस की गाडी!
पोरगं खाली बघतं. खाली डांबर असतं.

आणि निकालाच्या दिवशी
कुणी एकटंच डोंगराच्या अंगाला चालत गेलं
तर हॉस्टेलचा शिंगाडे रजिस्टर बंद करत नाही.
वेळेच्या रकान्यात पेन टेकवून बसतो.
याला किती देऊ? पाचपैकी?

तिने काही लिहिलं नाही. वर बघत होती.
ते काळं काय आहे, फळीवर?

सुखदेव नैताम, कोरची.
काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, एकशे बारा पानं.
अकरा वर्षं झाली.
बाइंडिंगला टाकून गेला, संध्याकाळी येतो म्हणाला.
फोन आधी वाजायचा, मग वाजेना,
मग कुणा भलत्याच बाईने उचलला.
पैसे त्याने आगाऊ दिलेले, पूर्ण.
म्हणून वहीत त्याचं नाव नाही.
या दुकानात एवढं एकच देणं माझं आहे.

दिवाळीला गाळा रंगवताना खाली काढतो,
पुसतो, परत ठेवतो.
ही एकच मी शेवटपर्यंत वाचली.
भाताच्या जुन्या वाणांवर आहे. अर्धं कळलं.
तक्ता सातमध्ये एक बेरीज चुकलीय,
तो आला की सांगणार आहे.

मुलीची पेन्सिल चौकोनांवरून फिरली,
कुठेच टेकली नाही.
खाली ‘इतर’ होतं, तिथे तिने फक्त
सेक्टर आणि गाळा नंबर लिहिला.

मागून कुणीतरी कागद पुढे केले,
काका, लवकर, व्हायवा आहे.
मी झाकण उचललं.
एका बाजूने, विचारलं, की दोन्ही?