अकरा रेघा

नान्नाचं नाक माझ्या लॅपटॉपमध्ये आहे,
बेचाळीस लाख तुकड्यांत कापलेलं.
डॉक्टर कोनापुरे स्कॅनची सीडी देताना म्हणाले होते,
बघा तुमच्या कॉलेजात काही होतंय का,
मला नुसती हाडं दिसतात, वारा दिसत नाही.

म्हणून मी वारा घातला.
मिनिटाला पंधरा लिटर, शांत बसलेल्या माणसाचा.

सॉफ्टवेअरने आधी विचारलं, बाहेरची हवा कशी?
आणि माझी वाट न बघता रकाना स्वतःच भरला:
वीस अंश. स्वच्छ.
कुठल्या गावची ही?
अशोक चौकात मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस,
पत्र्याखाली त्याहून दोन-तीन जास्तच,
हवेत सुताची लव, खळीचा आंबूस वास,
ओट्यावर आईच्या सुपातली विडीची तंबाखू.
वीस खोडून त्रेचाळीस लिहिलं.
बाकीच्यासाठी रकानाच नव्हता.

पुस्तकात लिहिलंय, नाक हवा ऊबदार करतं.
सोलापुरात उलटं.
इथे नाक हवा निववतं,
माठासारखं, स्वतः पाझरत.

पहिल्या रात्री गणित फुटलं.
दुसऱ्या रात्रीही. तीन वाजून दहा मिनिटांनी
आलेख उतरायचा तो चढतच गेला.
नान्ना पाणी प्यायला उठला होता,
माझ्या मागे उभा राहून जाळी बघत राहिला.
वीण सारखी नाही अम्मा, म्हणाला,
असा माल चेकिंगवाला परत पाठवेल.
मी सांगितलं, वाट अरुंद तिथे दाट लागते.
मग इथे का विरळ?
त्याने बोट ठेवलं डावीकडे,
मधला पडदा वाकतो तिथे.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी, दुसऱ्या पाळीत,
धोटा माग सोडून उडाला आणि त्याच्या तोंडावर आला.
मालकाने चहा पाजला,
रक्त टिपायला टॉवेल दिला,
आणि टॉवेलचे पैसे पगारातून कापले.
धोटा भंगारात गेला. त्या शेडचं आता मंगल कार्यालय झालंय.
पण हवा अजून त्या जागी येऊन बिचकते,
वळसा घेते, मागे छोटा भोवरा सोडते.

नाकपुड्याही पाळीत चालतात
हे मला याच कामात कळलं.
काही तास एक राबते, दुसरी सुजून पडून असते,
मग बदली.
नान्नाला सांगितलं तर तो हसला नाही.
बराच वेळाने म्हणाला,
मग माझी डावी संपावर हाय म्हण.

तिसऱ्या रात्री जाळी दाट केली, त्याने दाखवली तिथे.
गणित बसलं.
दोन हजार रेघा आत सोडल्या.
बहुतेक तळातूनच निघून गेल्या,
भोंगा झाल्यावरच्या सायकलींसारख्या, कुठेही न बघता.
वर छपरापाशी, वास ओळखतात तिथे,
अकरा पोचल्या.
मी पुन्हा मोजल्या.
अकराच.
शेंगाचटणी करपली त्या दिवशीही
तो चांगली झालीय म्हणाला होता,
आणि आई त्याला समजूतदार समजली होती.

त्याला हे कसं सांगावं?
टक्क्यांत सांगितलं तर कमी वाटेल, की नुसता आकडा बरा,
याचा विचार करत बसले होते
तर तो अंथरुणात उठून बसला.
अम्मा, काहीतरी तापलंय.
मोटर जळायच्या आधी येतो तसा वास.

शेगडी बंद होती. शेजारचे माग बंद.
मला तर काहीच येत नव्हता.
मी लॅपटॉप उचलला,
त्याचं बूड तव्यासारखं.
एकोणीस तास तो नान्नाचा श्वास मोजत होता
आणि त्याच्याच पंख्याच्या जाळीत
सुताची लव गच्च बसली होती.

नान्नाने आईच्या उशाजवळची पिन घेतली,
चष्मा लावला,
आणि दिव्याखाली बसून
एक एक तंतू काढू लागला.