सात कलमं

दापोलीच्या संस्थेतून मेहरून परकार आली
प्लास्टिकच्या फोल्डरात तीन पानं घेऊन.
वर ठळक: सेवा करार.
खाली माझं नाव, सुगंधा पावसे, मुक्काम हर्णै,
आणि स्वल्पविराम देऊन, यापुढे "लाभार्थी".

म्हटलं, हे आधी खोड.
लाभ कसला? महिन्याचे पैसे मोजते मी,
बोटीचा हिशेब लिहून मिळतात त्यातले.
तिनं खोडलं. मग काय लिहू?
बराच वेळ दोघींनाही शब्द सापडेना.
शेवटी लिहिलं: सुगंधा.

दामू दारात जाळ्याची गाठ सोडवत होता.
"घरच्यासारखं माणूस, त्याला कागद कशाला गो?
खलाशी ठेवताना करतो काय आपण कागद?"
करतोस की.
माझ्याच हातानं करतोस.
निळी वही, पान चौदा: उचल पंचवीस हजार,
नारळी पुनवेपासून मे अखेर,
मधेच आजारी पडला तर काय, तेही.
तो गाठीकडेच बघत राहिला.

अकरा वर्षं माझं सगळं "जमेल तसं" चाललं.
शेजारची काकू, चुलत वहिनी, वहिनीची बहीण.
वाईट कुणीच नव्हतं, हे आधी सांगते.
पण एकदा बोटी लवकर लागल्या,
अख्खं घर लिलावाला बंदरावर धावलं
आणि मी न्हाणीत, ओल्या फरशीवर,
साडेतीनपासून दिवे लागेपर्यंत.
लांबून बोली ऐकू येत होती,
सुरमई, पापलेट, पुन्हा सुरमई.
ती सगळी परत आल्यावर कुणाला काय बोलणार?
उपकाराला तक्रारीची खिडकी नसते.

तर, वेळ सकाळी सात.
उशीर होणार असेल तर फोन, एसटी बंद पडली तरी फोन.
तिसरं माझं: उचलण्याआधी विचारायचं.
चौथं तिचं: एकटीनं उचलणार नाही,
दुसऱ्या बाजूला घरचं माणूस हवं,
कंबर तिलाही एकच आहे.
ईदला ती नाही, गौरीला ती आहे,
आणि बदली बाई येणार तर तिचं नाव
मला आदल्या दिवशी कळलं पाहिजे.
माझ्याबद्दलचं मला विचारायचं,
माझ्या डोक्यावरून दामूला नाही.
(इथे दामू खाकरला.)

सातवं वाचताना तिचा आवाज जरा उतरला.
दोघींपैकी कुणीही, महिन्याची नोटीस देऊन,
हे थांबवू शकते.
"बघ," दामू म्हणाला, "सोडून जायची सोय आधीच."
मी ते पुन्हा वाचायला लावलं.
दोघींपैकी कुणीही.
अकरा वर्षांत मी कुणालाच
उद्यापासून येऊ नको, म्हणू शकले नव्हते.

दामूनं शाईचा पॅड आणून ठेवला, लाव अंगठा.
नको.
आकडे अजून जमतात मला, अक्षरंच हल्ली हट्ट करतात.
चार मिनिटं लागली.
"सुगंधा"चा शेवटचा काना घसरत घसरत
साक्षीदाराच्या चौकटीत गेला,
तिथे त्याला टेकूनच दामूनं सही केली.

संध्याकाळी बंदरावर तो सांगत होता म्हणे,
आमच्या सुगंधाची सात कलमं झाली.
कुणीतरी विचारलं, हापूस की पायरी?

सकाळी सातला पाच कमी, फोन.
आसूदच्या उतारावर एसटी तापलीय.
सात पंचवीसला आली, चप्पल काढली, हात धुतले.
निळ्या वहीत मी नवं पान काढलं होतं,
त्यावर वेळ टाकली.
मग ती माझ्यासमोर बसली, डोळ्यांच्या उंचीला.
"उचलू?"

दामू दुसऱ्या बाजूला, हात पुढे केलेले.
सवयीनं ते माझ्या काखेपर्यंत आले होते,
तिथेच थांबले.
दोघं माझ्याकडे बघत होती.

मी लगेच हो म्हटलं नाही.