थांब ना, आलोच

कित्वेत तेव्हा संध्याकाळ दोनदा व्हायची.
सूर्य बुडाला की खाणवाले
भट्टीची तापली मळी टेकाडावर ओतायचे,
आणि त्या दुसऱ्या तांबड्या उजेडात आम्ही तारा जुळवायचो.
कबासोची गिटार, चितालूचा बेस,
माझे ड्रम. त्यातला एक, खरं सांगतो,
रंगाचा रिकामा डबा, वर बकरीचं कातडं.

ॲम्प्लिफायर चर्चचा.
रविवारी प्रवचनाला,
शनिवारी सहापर्यंत आमच्याकडे.
भाडं तीन क्वाचा, तेही उधार.

लोक विचारतात, गाणं झालं कसं.
कसं होतं गाणं?
बारा दिवस कबासो एकच ओळ घेऊन बसला होता,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा
पुन्हा पुन्हा तिथंच.
ब्वाल्यासाठी होतं, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक.
ती खाणीच्या दवाखान्यात रातपाळीची नर्स.
हिरव्या चितेंगेत डबा बांधून कामावर जाताना
आमच्या खिडकीशी पाच मिनिटं टेकायची,
आणि त्या पाच मिनिटांत कबासोचा
एक सूर धड लागत नसे.

रेकॉर्डिंगचं यंत्र लुसाकाहून आलं, तासाच्या बोलीवर.
दोन कडवी झाली.
तिसरं लिहिलेलंच नव्हतं.
स्पीकरच्या कागदाला आम्ही ब्लेडने चिरा दिल्या होत्या,
आवाज फाटावा म्हणून
(देवाघरची वस्तू, माफ असो),
आणि तो फाटला, असा फाटला
की कौलावरच्या पाली खाली आल्या.
तेवढ्यात सहा वाजले.
दारावर चर्चचा कारभारी मुटाले,
छत्रीची मूठ आपटत.
कबासोने डोळे उघडले नाहीत,
माइकपासून तोंड हलवलं नाही.
म्हणाला : थांब ना, आलोच.
सुरात म्हणाला. माणूस सुरात असला
की शिवीसुद्धा सुरातच येते.
घाबरून माझा एक ठोका चुकला.
त्या तबकडीत तो अजूनही नाही.

(दुसऱ्या दिवशी प्रवचन खरखरलं.
लोकांना वाटलं, देव रागावलाय.)

पुढे गाणं रेडिओवर गेलं
आणि तेवढीच ओळ लोकांनी उचलली.
लग्नात नवरदेव म्हणू लागले,
बसच्या पायरीवर लटकून पोरं.
खाणीत छत बसलं तेव्हा
वर उभ्या बायकांनी भोकात वाकून म्हटली.
आता कबर बुजवतानाही म्हणतात, लय अर्धी करून.
एवढं ओझं वाहायला आम्ही ती ओळ केली नव्हती.
केलीच नव्हती मुळी.

चितालू गेला, मग कबासो,
त्या वर्षांत सगळे जात होते तसेच,
बारीक होत होत,
आणि घरच्यांनी आजाराचं नाव न घेता.
कबासो ब्वाल्याच्याच वॉर्डात.
तोवर त्याचं लग्न दुसरीकडे झालेलं, तिचंही.
कोणी विचारलं की मी सांगायचो,
ब्वाल्यासाठीच, आणखी कोणासाठी?
चाळीस वर्षं सांगितलं.

परवा ती दुकानात आली, रेडिओ बिघडला म्हणून.
गुडघे धरत स्टुलावर बसली.
नाही, ते गाणं लागलं नव्हतं.
शेजारी मक्याचे भाव चालले होते.
म्हणाली, सिंकाला, त्या दिवशी दारात मीही होते.
मुटालेच्या मागे.
तो मुटालेला म्हणाला, मला माहीत आहे.
मग रेडिओचं बटण उगीच फिरवत :
पण थांबले मी.

मला तेव्हा सुचलं, की आलोच म्हणणारा माणूस
बहुधा निघालेलाच नसतो.
पण ते बोलायची ती वेळ नव्हती.
म्हटलं, बॅटरीची स्प्रिंग गंजलीय.
किती होतील?
तीन क्वाचा, मी म्हणालो, चुकून, जुन्या हिशेबाने.
त्यात आता काडेपेटीही येत नाही.
ती हसली, दात नसलेलं, मोकळं.
स्टूल सावलीत ओढलं.
कर तू सावकाश, म्हणाली,
बसते मी.