दहा मीटर

आमच्या शहराची नावंच बंदुकीच्या दारूत भिजलेली.
राहतो लष्करात, भाजी आणतो कंपूतून,
जिन्सीत कधी तोफा ठेवत म्हणे,
आता तिथं सायकलचं पंक्चर काढून मिळतं.
मोटारसायकलवर मागे बायको, तिच्या मांडीवर तान्हं,
आणि चालवणाऱ्याच्या पाठीशी आडवी दुनाळी,
हे मी कळायला लागल्यापासून बघतेय.
तरी पिस्तूल हातात धरलं
ते एकोणपन्नासाव्या वर्षी, एका गुरुवारी,
रसायनशास्त्राच्या वह्या तपासून झाल्यावर.

क्लब म्हणजे मुरारच्या अलीकडे पत्र्याची लांब शेड.
पूर्वी कोंबड्यांची होती. हवा दमट झाली की अजून कळतं.
फॉर्मवर रकाना : छंद की स्पर्धा?
मी स्पर्धेवर खूण केली. का, ते विचारू नका.
सुभेदार भदौरियांनी मान वर केली.
"पुन... तांबे... करजी," तीन श्वासांत म्हणाले,
"चश्मा दूर का है, कि पास का?"

डावा हात खिशात घाला, म्हणाले.
साडीला खिसा नसतो.
निऱ्यांपाशी खोचला. दुसऱ्या दिवशी
मुलाची जुनी पँट घालून गेले,
केवळ एका हाताला घर हवं म्हणून.

पहिले दहा छर्रे.
मोटर घुर्रर्र करत माझा कागद घेऊन आली : सहा भोकं.
शेजारच्या लेनमधून तोमरांचा चौदा वर्षांचा पोरगा ओरडला,
"सर, मेरे में तेरह हैं!"
राहिलेला एक कुठं गेला
ते भिंतीला माहीत.

एक छर्रा घरी आणला, तिथून प्रयोगशाळेत,
नाजूक तराजूवर ठेवला. अर्ध्या ग्रॅमहून जरासा जास्त.
एवढ्याशासाठी
पायाचे अंगठे, टाच, कंबर, खांदा, मनगट,
आणि सकाळी सासूबाईंशी झालेलं बोलणं,
सगळं रांगेत आणावं लागतं.

सुभेदार म्हणतात, काळ्या गोलाकडे बघू नका.
समोरचा माशीचा दाणा बघा, तो लख्ख हवा,
ज्याच्यावर नेम तो धूसरच राहू द्या.
माझी चाळिशी नेमकी उलट सांगते.
तीन आठवडे मी आणि माझा चष्मा भांडलो.
शेवटी डाव्या काचेवर पुठ्ठ्याची झापड लावली,
उजवीला नवा नंबर.

पण ट्रिगर मला येत होता.
सत्तावीस वर्षं पोरींना हेच तर शिकवलं :
ब्युरेटची चावी फिरवू नका गं, फक्त फिरवायचं मनात आणा.
शेवटचा थेंब तुम्ही पाडायचा नसतो,
तो पडतो.
आणि फ्लास्क गुलाबी होतो तेव्हा
तुम्हालाच दचकायला होतं.
सुभेदारांना हे सांगितलं.
बराच वेळ गप्प राहिले, मग नव्या पोरांना म्हणाले,
"मॅडम से पूछो, बूँद कैसे गिरती है."

जिल्हा स्पर्धा. साठ छर्रे, पंच्याहत्तर मिनिटं.
सहाशेपैकी चारशे एकेचाळीस.
खालून चौथी आले.
तोमरांच्या पोरानं कप घेतला आणि माझ्या पाया पडला,
त्याचा राग यायला मला संध्याकाळ लागली.
त्या साठांत एक दहा होता, सदतिसावा.
तो सुटताना मी काय करत होते
काही केल्या आठवत नाही.

आता रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं
की लिटरची बाटली अर्धी भरून हात लांब करते,
समोर कॅलेंडरवर संकष्टीचा इवला चंद्र.
काल खालून वरात गेली.
नवरदेवाच्या मामानं आकाशात चार बार काढले,
गल्लीतली कुत्री पलंगाखाली,
आमच्या खिडकीची काच थरारली.
बाटलीतलं पाणी हललं.
त्याची रेघ सरळ होईपर्यंत थांबले.
नाही झाली.
हात खाली घेतला,
श्वास सोडला,
परत वर.